प्रेमळ माता, सेवानिवृत्त शिक्षिका

परवा भाच्याचा फोन आला. "आत्या, आजीच्या पुण्यस्मरणाचा मजकूर पाठवलाय. पेपरला द्यायचाय. शुद्धलेखन तेवढं बघून दे."

आमची आई २०१५ साली गेली. दहावं पुण्यस्मरण फोटोसकट पेपरात द्यायचं असं भावाच्या घरी ठरलं आहे. मुलं हौशी आहेत, आजीची आठवण ठेवतात, याचं मला कौतुकच आहे. (हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून भाऊ फोन करणार, माहीत आहे!)

मजकूर असा होता. 'प्रेमळ माता, त्यागमूर्ती, सेवानिवृत्त शिक्षिका... यांना विनम्र अभिवादन. आपल्या संस्कारांच्या शिदोरीवर आमची वाटचाल सुरू आहे.' शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. 'शिक्षिका'मधला 'क्षि' दीर्घ काढला होता आणि 'सेवानिवृत्त'मधला एक त खाल्ला होता. त्या सुधारून पाठवल्या असत्या तर काम पाच मिनिटांचं होतं. पण मी तो कागद समोर घेऊन दुपारभर बसून राहिले.

चूक मजकुरात नव्हती. आई प्रेमळ होती, तिने खस्ता खाल्ल्या, ती शिक्षिका होती, सगळं खरं. मला खटकला तो क्रम, आणि त्याहून जास्त तो 'सेवानिवृत्त' शब्द. बाईने १९४७ पासून १९८६ पर्यंत एकोणचाळीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि आमच्या मजकुरात उरलं काय, तर ती ते करायची थांबली एवढंच!

मी भाच्याला म्हटलं, "आजीने कुठल्या कुठल्या गावांत नोकरी केली ते लिहू या." तो म्हणाला, "सांग ना, लगेच घालतो." मी सांगायला गेले आणि चार गावांवर अडले. भावाला फोन केला. त्याला तीन माहीत. धाकटीला विचारलं, तिलाही तीनच. १९५३ ते १९५६ या काळात आई कुठल्या शाळेत होती, हे तिच्या पोटच्या तीन मुलांपैकी एकालाही सांगता आलं नाही. तिच्या हातची शेंगोळी कशी व्हायची, ती हुलग्याचं पीठ किती घट्ट मळायची, तिच्या नऊवारीला कसला वास यायचा... हे मात्र आम्ही तिघंही झोपेतून उठवलं तरी सांगू.

तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते लिहून टाकते.

आई माण तालुक्यातली. सातारा जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा भाग, पाऊस नसलेला. महाबळेश्वराचं नाव ऐकून साताऱ्याला येणाऱ्यांना हा तालुका दाखवला तर एकच जिल्हा आहे यावर विश्वास बसायचा नाही. मुलींनी फार तर चौथी शिकायची, असा तो काळ. आई मात्र सातवीची फायनल, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, पास झाली आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात मुलींसाठी काढलेल्या अध्यापिका विद्यालयात गेली. एकोणिसाव्या वर्षी स्कूल बोर्डाच्या शाळेत लागली. पुढे १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि त्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. मालक बदलले, आईची खुर्ची तीच राहिली.

लग्न झालं ते मुंबईला गिरणीत असलेल्या माणसाशी. माण-खटावच्या घराघरातली ही गोष्ट. पुरुष परळ-लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत, बायका गावात, आणि मध्ये पोस्टमन. वडील दिवाळीला आणि जत्रेला यायचे. त्यामुळे घर चालवायची, शेताचा तुकडा बघायची, आम्हाला वाढवायची ती एकटीच. आणि शाळा.

शाळेतली आई कशी होती? हे मला तिच्या दहाव्याला कळलं, म्हणजे नीट कळलं. एक म्हातारे गृहस्थ आले होते, एस.टी.त ड्रायव्हर होते म्हणे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाईंनी माझी जन्मतारीख काढली. आमच्या वर्गातले समदे एक जूनचे, मी एकटा आश्विनातला." आता हे तुम्हाला समजण्यासाठी थोडं सांगायला हवं. त्या काळी खेड्यात जन्माची नोंद कोण ठेवणार? मूल शाळेत घालायला आणलं की मास्तर अंदाजाने वय धरायचे आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून रजिस्टरात १ जून टाकून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रातल्या माझ्या पिढीत एक जूनला जन्मलेली किती माणसं सापडतील, बघा तुमच्याच घरात!

आई हे करायची नाही. ती पोराच्या आईला समोर बसवून घ्यायची. बेंदराच्या आधी झाला का नंतर? म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो त्याच्या अलीकडे का पलीकडे? शिंगणापूरच्या यात्रेला गेलात तेव्हा कडेवर होता का पोटात? असं विचारत विचारत पक्ष आणि तिथीपर्यंत यायची. मग म्हसवडला कुणाकडे जुनी पंचांगं होती, त्यांना कार्ड टाकायचं. उत्तर आलं की रजिस्टर भरायचं. एका पोराच्या तारखेला कधीकधी पंधरा दिवस जायचे. वरून येणाऱ्या साहेबांना हे वेडेपण वाटायचं. पण त्या ड्रायव्हरकाकांना आश्विनातली तारीख असल्यामुळे नोकरीचे चार महिने जास्त मिळाले. ते सांगताना डोळे पुसत होते. "माझा वाढदिवस खरा हाय" असं म्हणाले.

मी स्वतः तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं. कुणाच्या एका तारखेसाठी पंधरा दिवस थांबले असते का? नसते. खरं ते लिहावं.

दुसरं आठवतं ते १९७२च्या दुष्काळातलं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला साताऱ्याला होते, सुट्टीत घरी आले. गाव रिकामं. सगळी माणसं दुष्काळी कामावर, कुणी खडी फोडायला, कुणी बंडिंगवर. रेशनला तांबडा मिलो, त्याची भाकरी थापली की तुटायची. पोरं आईबापांबरोबर कामावर गेलेली, शाळेत पट साठाचा आणि हजर नऊ. आई सकाळची शाळा आटपून दुपारी त्या बंडिंगच्या कामावर चालत जायची आणि लिंबाच्या झाडाखाली पोरांना घेऊन बसायची. मला वाटलं होतं, कविता वगैरे म्हणून घेत असेल. ती खड्डे मोजायला शिकवत होती! लांबी, रुंदी, खोली, त्यांचा गुणाकार म्हणजे घनफूट, शंभर घनफुटांचा एक ब्रास. मजुरी मोजमापावर मिळायची ना. आठवडाभरात चौथीची पोरं आपापल्या आईबापाच्या खड्ड्याचं माप काढून मजुरी किती निघते ते सांगायला लागली, आणि मुकादमाच्या वहीशी ते जुळेना. मुकादम आमच्या दारात येऊन तावातावाने बोलून गेला. आई म्हणाली, "मी फक्त गणित शिकवलं." इतकंच. परत चुलीपुढे जाऊन बसली.

आता मला सांगा, ह्यातलं काय 'प्रेमळ माता'मध्ये बसतं?

त्यागमूर्ती तर मुळीच नाही. डिसेंबर १९७७ मध्ये राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा आणि शिक्षकांचा महागाई भत्त्यासाठी संप झाला, चोपन्न दिवस चालला. आई त्यात होती. पन्नाशीला आलेली बाई, डोक्यावर पदर, एस.टी.ने साताऱ्याला जाऊन मोर्चात चालली. धाकटीची कॉलेजची फी थकली होती. मी शंभर रुपयांची मनिऑर्डर केली तर ती घेतली, आणि संप मिटल्यावर पहिल्या पगारातून परत केली. फॉर्मच्या खालच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'आमचा हक्काचा पैसा मिळाला.' तिला पगार महत्त्वाचा वाटायचा. पगाराच्या दिवशी ती खुशीत असायची. हे सांगायला आपण का लाजतो कोण जाणे.

भाऊ म्हणतो, "ताई, पण आई स्वतःच म्हणायची की, मुलांसाठी केलं सगळं." म्हणायची, बरोबर आहे. त्या काळात घराबाहेर पडणाऱ्या बाईला दुसरं कुठलं कारण सांगायची सोय होती? 'नवऱ्याच्या पगारात भागत नाही' चालायचं, 'पोरांच्या शिक्षणासाठी' चालायचं. 'मला शाळा आवडते' हे चाललं नसतं, सासूला नाही, जावांना नाही, गावालाही नाही. तिने कारण सांगितलं, पन्नास वर्षं सांगितलं, आणि आम्ही ते खरं मानलं कारण आम्हाला ते सोयीचं होतं. आई आपल्यासाठी राबली हे ऐकायला कुणाला आवडणार नाही?

मला हे कळायला बराच त्रास झाला आहे. १९५८ साली आईची बदली आत लांबच्या गावाला झाली. तिथे राहायला एक खोली, पाणी मैलभरावर. तिने एक वर्षाच्या धाकटीला बरोबर नेलं. शाळेच्या आढ्याला झोळी बांधून तिला निजवायची आणि शिकवायची. मला आणि भावाला आजोळी ठेवलं, दोन वर्षं. मी सात वर्षांची होते. दुसऱ्या वर्षी मला मुदतीचा ताप आला. आई शनिवारी सकाळची शाळा करून निघाली ती रात्री पोचली. रविवारी दिवसभर उशाशी होती. सोमवारी मला जाग आली तेव्हा आजी म्हणाली, "गेली पहाटेच. शाळा हाय तिची."

हे मी कित्येक वर्षं मनात धरून होते. लग्न झाल्यावर एकदा भांडणात बोलूनही दाखवलं. आई म्हणाली, "तुझ्यापाशी आजी होती. तिथं त्या पोरांपाशी दुसरं कुणी नव्हतं." तेव्हा मला ते उत्तर कोरडं वाटलं. आज वाटतं, ते खरं होतं आणि मला झालेलं दुःखही खरं होतं. दोन्ही खरं असू शकतं. पण 'प्रेमळ माता' लिहिलं की तो सोमवार पुसला जातो. मला तो पुसायचा नाही. त्या दिवशी ती आई कमी पडली आणि शिक्षिका कमी पडली नाही, हे तिलाही माहीत होतं. तिने त्याची कधी माफी मागितली नाही, पण त्यावर पांघरूणही घातलं नाही.

आपल्याकडे आईवर लिहायचं म्हटलं की सगळ्यांच्या मनात 'श्यामची आई' असते. माझ्याही आहे, मी ते पुस्तक वर्गात कितीदा वाचून दाखवलं असेल, आणि दर वेळी माझाच गळा दाटून आला. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. गुरुजी स्वतः अमळनेरला हायस्कुलात शिक्षक होते, आणि मुलांवर माया करणारा शिक्षक म्हणून आपण त्यांना माउली म्हणतो. गंमत बघा, पुरुष चांगला शिक्षक असला की आपण त्याला आई करतो. आणि बाई चांगली शिक्षिका असली तरी तिला आईच करतो! पहिल्यात भर पडते. दुसरीत एकोणचाळीस वर्षं वजा होतात. गुरुजींचा यात दोष नाही. दोष आमच्यासारख्या मराठी शिकवणाऱ्यांचा, आई म्हटलं की निबंधाला एकच साचा देणाऱ्यांचा. मी कितीतरी मुलांना 'त्यागमूर्ती' हा शब्द फळ्यावर लिहून दिला आहे. भाच्याने तो कुठून आणला, हे मी कुणाला विचारणार?

आता जे लिहिणार आहे ते लिहू की नको, यात दोन दिवस गेले.

रजिस्टरात आईची स्वतःची जन्मतारीख १ जून १९२८ होती! (तिच्या मास्तरांनी पंचांग बघितलं नव्हतं.) महिन्याच्या एक तारखेला जन्म असला की आदल्या दिवशी निवृत्ती, त्यामुळे ती ३१ मे १९८६ ला निवृत्त झाली. मे महिन्याची सुट्टी, शाळेत चिटपाखरू नाही. कुलूप उघडून, फळा पुसून, किल्ल्या देऊन घरी आली. निरोप समारंभ पुढे जूनमध्ये झाला म्हणतात, पण तोपर्यंत आई पुण्यात माझ्याकडे पोचली होती.

तिचा बेत वेगळा होता. गावाच्या ओढ्यापलीकडे एक वाडी होती. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की तिथली पोरं शाळेत येत नसत आणि एकदा सुटलेली पुष्कळशी परत येत नसत. सकाळी तिकडे जाऊन बसायचं, पगार नको, पेन्शन आहे, असं तिने ठरवलं होतं. वाडीतल्या एकाने गोठ्याशेजारची पडवी द्यायचं कबूल केलं होतं. हे तिने मला पत्रात लिहिलं होतं. मी उत्तर लिहिलं. माझी मुलं सात आणि चार वर्षांची होती, पाळणाघर बंद पडलं होतं, मला शाळेची नोकरी सोडायची नव्हती. मी लिहिलं, 'आता तू मोकळीच आहेस, तर इकडे ये.'

मोकळीच! मी शिक्षिका, आणि दुसऱ्या शिक्षिकेला हा शब्द लिहिला.

ती आली. अकरा वर्षं राहिली. वडील १९८२च्या गिरणी संपानंतर गावी परतले होते, तेही पुढे भावाकडे गेले. मुलं तिने वाढवली. पाढे, पावकी-निमकीसकट, तिच्यामुळे आले त्यांना. तक्रार एका शब्दाने नाही. मध्ये एकदा शेजारी इमारतीचं काम चालू होतं, तिथल्या मजुरांची चार-पाच पोरं तिने जिन्याखाली पाट्या घेऊन बसवायला सुरुवात केली. बिल्डिंगमधले लोक कुरकुरायला लागले. मी म्हणाले, "आई, आता पुरे ना ती शाळा." तिने पाट्या गोळा केल्या आणि माळ्यावर ठेवल्या. माझ्याशी ती त्या दिवशीही नेहमीसारखीच बोलली, हेच मला आता सलतं.

पुढे २०००च्या सुमाराला सरकारने वाड्या-वस्त्यांवरच्या मुलांसाठी वस्तीशाळा काढल्या. तोवर आई भावाकडे गेली होती. पेपर वाचता वाचता म्हणाली म्हणे, "पंधरा वर्षं उशीर केला." भावाला वाटलं, सरकारबद्दल बोलते आहे.

म्हणून 'त्यागमूर्ती' शब्द मी खोडला आहे. तिने ते सोडलं नव्हतं, मी मागून घेतलं होतं. आणि माझ्या घरात हे झालं म्हणून सांगते, पण आसपास बघितलं तर अजून हेच चालू आहे. बाई निवृत्त झाली की आठवड्याच्या आत मुलाचा किंवा मुलीचा फोन येतो. माझी कन्याही मला म्हणालीच होती. मी महिन्यातले पंधरा दिवस येईन असं सांगितलं आणि तिला राग आला. येऊ दे. नातवंडं सांभाळू नयेत असं माझं म्हणणं नाही, त्यात सुख आहेच. पण आधी विचारावं, तुझ्या मनात काय होतं? पत्रात लिहून कळवलेलं असलं तरी पुन्हा विचारावं.

तर मी भाच्याला नवा मजकूर पाठवला. वर नाव, त्याखाली 'शिक्षिका, १९४७ ते १९८६', त्याखाली एकेका ओळीत गाव आणि साल, आणि शेवटी 'आम्हा तिघांची आई'. तो म्हणाला, "आत्या, जाहिरात सेंटिमीटरवर असते. हे दुप्पट होईल." म्हटलं, वरचे पैसे मी देते. भाऊ अजून 'प्रेमळ' तरी राहू दे म्हणतो आहे. तेवढं राहू द्यायला माझी हरकत नाही, होतीच ती प्रेमळ.

राहिला प्रश्न १९५३ ते १९५६चा. त्या ओळीची जागा रिकामी ठेवली आहे. तेव्हा भाऊ पाळण्यात होता आणि आईबरोबर माझी एक चुलत मावशी मूल सांभाळायला राहत होती एवढंच ऐकलेलं आठवतं. गावात विठोबाचं देऊळ होतं आणि शाळा त्या देवळातच भरायची, असंही आई म्हणायची. मावशी आता नाहीत, पण त्यांची मुलं-सुना हे वाचतात. त्यांच्या बोलण्यात कधी त्या गावाचं नाव आलं असेल किंवा ट्रंकेत जुनं एखादं कार्ड असेल तर मला फोन करा. मजकूर द्यायला अजून बारा दिवस आहेत.